पाठीवरचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना मडगार्ड आहे. सायकलच्या मागच्या चाकावर कमान करून बसलेला असतो ना, तोच. सायकलच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. घंटीचे कौतुकही कानावर आले असेल. मडगार्डाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, कारण त्याचे काम नीट झाले तर ते दिसतच नाही. म्हणून आज मीच तोंड उघडतो. बोलण्यात थोडी फुशारकी आली तर पदरात घ्या. देवाने कुणाला आवाज दिला, कुणाला वेग दिला. माझ्या वाट्याला चिखल आला, आणि तो मी प्रसाद समजून अंगावर घेतला.

माझा जन्म एका अपमानातून झाला आहे.

आमच्या गावात वर्षातले आठ महिने आभाळ छपराला टेकलेले असते. कधी चाळणीतून गाळल्यासारखी झिमझिम, कधी आडवा पाऊस, आणि थंडीत अर्धे पाणी अर्धे बर्फ असे काहीतरी, ज्याला धड नावही नाही. अशा गावात आमची ताई दवाखान्याची परिचारिका म्हणून लागली. ज्यांना उठून दवाखान्यात येता येत नाही त्यांच्या घरी सायकलने जायचे, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, सुई टोचायची, असे तिचे काम. अंगावर पांढरा कोट. पहिल्याच आठवड्यात ती चढावरच्या मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले वयस्कर गृहस्थ. त्यांच्या पायाला एक हट्टी जखम होती, भरायची आणि पुन्हा उघडायची. दार मास्तरीणबाईंनी उघडले. त्यांनी ताईला वळायला सांगितले आणि तिची पाठ पाहिली. मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाची रेघ कमरेपासून मानेपर्यंत गेली होती.

“बाई, तुमच्या पाठीवर अख्खा रस्ता आहे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “जखमेला हात लावायच्या आधी स्वतःला धुऊन या.”

ताई परत आली. शेगडीपाशी बसून तिने ही हकिकत आपल्या वडिलांना सांगितली आणि सांगता सांगता रडली. तिचे बाबा पत्र्याचे काम करत. छपरांच्या पन्हळी, धुराडी, बादल्या, जे पत्र्याचे ते त्यांचे. त्यांनी मुलीचे डोळे पुसले नाहीत, समजूतही घातली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पन्हळीतून उरलेला पत्रा त्यांनी फळीवरून खाली काढला. त्यांची एक ठरलेली म्हण होती: “पाणी पडायचं थांबवणं आपल्या हातात नाही, त्याला वाट दाखवणं आहे.”

असा मी घडलो. त्यांनी मला जुन्या चाकाच्या लोखंडी रिंगवर वाकवले, लाकडी हातोडीने इंचाइंचाने ठोकले, आणि दोन्ही कडा आत मुडपल्या, म्हणजे कुणाचे बोट कापू नये. मी नेहमीच्या मडगार्डापेक्षा दोन बोटे रुंद झालो. मग रंग. बाहेरून एक हात आणि आतून तीन. ताईने विचारले, असे उलटे का? बाबा म्हणाले, “बाहेरून लोक बघतात, आतून पाऊस बघतो.”

मला बसवताना त्यांनी स्क्रू वापरले नाहीत, रिबेट मारले, म्हणजे एकदा ठोकले की न निघणारे खिळे. स्क्रू म्हणजे पाहुणा आणि रिबेट म्हणजे घरचा माणूस, असे त्यांचे मत. त्याच दिवशी माझा धाकटा भाऊ, पुढचा मडगार्ड, तयार झाला. पण तोवर रिबेटांची डबी रिकामी झाली होती. बाबांनी त्याला तात्पुरते स्क्रू लावले आणि म्हणाले, सोमवारी रिबेट मारतो. तो सोमवार पुढे नऊ वर्षे आला नाही. पत्रेवाल्याच्या घरच्या पन्हळी गळक्या असतात म्हणतात, ते खोटे नाही.

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा चढावर गेली. पाऊस तोच, रस्ता तोच. मास्तरीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “वळा बघू.” ताई वळली. कोट कापसासारखा पांढरा. मास्तरीणबाईंनी दार पूर्ण उघडले.

तेव्हापासून हा नेमच पडला. ताई दारात आली की मास्तरीणबाई म्हणणार, वळा बघू. ताई गिरकी घेणार. आतून मास्तर विचारणार की पास की नापास, आणि बाई म्हणणार, पास. मित्रांनो, नऊ वर्षे मी ही परीक्षा दिली आणि एकदाही नापास झालो नाही. भिंतीला टेकून, अंगावरून चिखल निथळत असताना मी तो ‘पास’ ऐकायचो, तेव्हा माझा पत्रा आतून शेकल्यासारखा व्हायचा. रोज अकरा घरे, अकरा उंबरठे. प्रत्येक गल्लीचा चिखल निराळा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? चढावरचा लाल आणि चिकट. गिरणीमागचा काळा, तेलकट. नदीकडचा पिठासारखा बारीक, वाळला की राखाडी. ही सगळी माती माझ्या पोटाखाली बसायची. ताई दर रविवारी मला फडक्याने पुसायची, तेल लावायची. पण मुडपलेल्या कडेच्या आत फडके पोचायचे नाही, आणि तिथे थोडी थोडी माती साठत राहिली. तेव्हा मला त्याची लाज वाटे. पुढे त्याच मातीने काय केले ते सांगतोच.

नववा हिवाळा मात्र फार वाईट होता. ताईच्या बोटांना भेगा पडल्या. खोकला महिनाभर हटेना. एका संध्याकाळी ती जिन्याच्या पायरीवर बसून ओले मोजे काढत होती, आणि एक मोजा काढून दुसऱ्याला हातच लावेना. बाबा तिच्याकडे पाहत उभे राहिले. ती म्हणाली, “बाबा, मला पावसाचा वीट आलाय.”

इथे तिचा मावसभाऊ गोष्टीत येतो. तो घड्याळे दुरुस्त करायचा आणि प्रत्येक वस्तू आपल्या नाजूक तराजूवर तोलायचा, म्हणून सगळे त्याला ग्रॅम्या म्हणत. दर हिवाळ्यात तो सायकलला पिशव्या बांधून उबदार देशात भटकायला जाई. तंबू, पांघरूण, भांडे, सगळे सायकलवरच. वजन कमी करण्याचे त्याला वेडच होते. दात घासायच्या ब्रशची दांडी त्याने अर्धी कापली होती. त्याच्या सीटच्या मागची पिशवी धरून ठेवणारी एक धातूची पट्टी होती. तिला त्याने घड्याळजीच्या बारीक यंत्राने तेवीस भोके पाडली होती आणि अडतीस ग्रॅम वाचवले म्हणून तो महिनाभर सांगत फिरत होता. तो ताईला म्हणाला, नऊ वर्षांत तू रजा घेतली नाहीस, यंदा चल माझ्याबरोबर, पंधरा दिवस ऊन खा.

दवाखान्याने रजा दिली. बदली म्हणून एक नवी परिचारिका आली, ती मोटारीतून फिरणारी होती. ताई शेवटच्या दिवशी मास्तरांची पट्टी बदलायला गेली, तेव्हा ते म्हणाले, तू ऊन घेऊन ये, मी जखम जपून ठेवतो.

निघायच्या आदल्या दिवशी ग्रॅम्या पाने-पेचकस घेऊन आला. धाकट्याचे चार स्क्रू त्याने चुटकीसरशी काढले आणि तो बिचारा खुंटीवर लटकला. मग माझी पाळी. “काका,” तो बाबांना म्हणाला, “हा सहाशे चाळीस ग्रॅमचा तरी असेल. तिकडे सहा सहा महिने आभाळाला पाझर फुटत नाही. काय करायचाय?”

“मग काढ,” बाबा म्हणाले.

त्याने पकड लावली, पेचकस घातला, घामाघूम झाला. रिबेट हलले नाहीत. शेवटी छिन्नीने तोडू का विचारले, तर बाबा म्हणाले, “तोड. पण मला बघायला लावू नकोस.” आणि ते आत निघून गेले. ग्रॅम्याला काही ते धाडस झाले नाही. त्याने माझ्या वजनाची भरपाई म्हणून ताईच्या मोज्यांची एक जोडी पिशवीतून बाहेर काढली. असा मी नकोशा पाहुण्यासारखा परदेशी निघालो.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? तो देश सुंदर होता. सकाळी डोळे उघडावेत तो ऊन हजर, कुणी बोलावले नाही, कुणी मिनतवारी केली नाही. रस्ते कोरडे. ताई बाह्या वर करून सायकल चालवत होती. तिसऱ्या दिवशी तिचा खोकला थांबला. पाचव्या दिवशी ती गाणे गुणगुणायला लागली, आणि हे गाणे तिला येते हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हते. तिचा आनंद बघून माझे मन भरून यायचे. पण माझे स्वतःचे काय? अंगावर पाण्याचा एक थेंब नाही. ऊन इतके की माझ्यावर हात ठेववत नसे. ताई धुतलेले मोजे माझ्या पाठीवर पसरायची आणि ते अर्ध्या तासात वाळायचे. नऊ वर्षे ज्याने पाऊस अडवला, त्याची आता वाळत घालायची दोरी झाली होती. ग्रॅम्या हसून म्हणायचा, काहीतरी उपयोग झाला बुवा.

सहाव्या दिवशी समुद्रकाठच्या एका लहान गावात ग्रॅम्या वाळूत घसरला आणि त्याचा गुडघा फुटला. तिथल्या दवाखान्यात रांग मोठी होती. ताईने परवानगी मागून त्याची जखम स्वतःच धुतली, बांधली, आणि हात धुता धुता आणखी चार जणांच्या पट्ट्या बदलल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून तिचे हात बघत होत्या. आमच्याकडे माणूस हवे आहे, त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, वडिलांनाही आणा. परतीच्या वाटेवर इथूनच जाल, तेव्हा उत्तर द्या. त्यांनी आपले नाव लिहिलेली चिठ्ठी ताईला दिली आणि ताईने ती खिशात ठेवली.

पुढचे चार दिवस ती सारखी त्या खिशाला हात लावत होती. ग्रॅम्या म्हणायचा, विचार कसला करतेस, काकांची हाडं तरी उबेत राहतील. ते खरेच होते. आणि मला कळत होते की ताई इथे राहिली तर माझी जागा भंगारात. तरी सांगतो, मी देवाकडे तिच्या परतण्याचे मागणे मागितले नाही. तिला जे बरे ते होऊ दे, एवढेच म्हणालो. फक्त म्हणताना थोडा कुरकुरलो असेन. पत्राच आहे शेवटी.

दहाव्या दिवशी आम्ही एका उजाड, दगडी उतारावरून जात होतो. पुढचे गाव वीस मैलांवर. अचानक ‘कट्’ असा आवाज आला आणि ग्रॅम्याची पिशवी चाकावर कोसळली. तेवीस भोकांची ती पट्टी मधोमध तुटली होती. त्या पिशवीत तंबू होता आणि दोघांचे प्यायचे पाणी. पाठीवर घेऊन सायकल चालवावी एवढी ती हलकी नव्हती, आणि उन्हात चालत जावे एवढे गाव जवळ नव्हते. ग्रॅम्या तुटलेले दोन तुकडे हातात धरून दगडावर बसला. त्याच्याजवळ स्क्रू होते, दोरी होती, पण त्या पट्टीला आधार देईल असे ताठ काही नव्हते. ताठ म्हणून जे जे होते ते त्याने वजनापायी घरीच ठेवले होते.

ताईने तुटलेली पट्टी निरखून पाहिली. “मोडलेल्या बोटासारखीच आहे ही,” ती म्हणाली. “कांबीला काहीतरी हवं.” मग तिची नजर माझ्यावर आली.

ती माझ्यापाशी गुडघे टेकून बसली. जखमी माणसाचे बूट, पट्टे कापायची जाड कातर तिच्या पेटीत असायचीच. तिने माझ्या डाव्या कडेवरून हात फिरवला, जसा ती सुई टोचण्यापूर्वी दंडावरून फिरवते. आणि सीटच्या मागून, मुडपलेल्या कडेसकट, बोटभर रुंद आणि वीतभर लांब तुकडा कापायला घेतला. दुखले का म्हणाल, तर पत्र्याला काय दुखायचे? पण त्या क्षणी मी जितका ताठ होतो तितका कधीच नव्हतो.

कातर कडेत शिरली तशी मुडप उघडली आणि आतली माती ताईच्या तळहातावर सांडली. नऊ वर्षांची माती. थरावर थर, वाळून कडक झालेली. ताई कापायची थांबली. तिने बाटलीतले दोन थेंब त्यावर टाकले.

“ताई, पाणी मोजून आहे,” ग्रॅम्या म्हणाला.

ती ऐकत नव्हती. तिने तळहात नाकाशी नेला. “ही लाल, मास्तरांच्या चढावरची,” ती म्हणाली. “ही काळी गिरणीमागची. ही नदीकडची.” मग तिने मूठ मिटली. “अरे, मास्तरांच्या दाराला घंटा नाही. बाई बाजारात गेल्या की खिडकीवर टिचकी मारावी लागते, नाहीतर त्यांना ऐकूच येत नाही. हे मी त्या नव्या मुलीला सांगितलंच नाही.”

ग्रॅम्या म्हणाला, “इथल्या दारांचंही कळेल की तुला. नऊ वर्षांत.”

“तेच तर,” ताई म्हणाली. “आणखी नऊ वर्षं कुठून आणू?”

तिने तुकडा कापून काढला, तुटलेल्या पट्टीवर लावला आणि बोटाला कांबी बांधावी तशी वरून जखमेची कापडी पट्टी घट्ट गुंडाळली. बाबांचा पत्रा, लेकीची पट्टी. पिशवी पुन्हा जागेवर चढली. वीस मैल दगडांतून ती कांबी इंचभरही हलली नाही. ग्रॅम्या त्या दिवशी माझ्या वजनाबद्दल चकार शब्द बोलला नाही.

समुद्रकाठच्या गावी ताईने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी परत केली आणि त्यांचे हात हातात घेतले. मला इथे फार सुख मिळाले, ती म्हणाली, पण माझी अकरा दारे तिकडे आहेत. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. ऊन कुठे पळून जात नाही, त्या म्हणाल्या, दर वर्षी येत जा.

आम्ही परतलो, तर गावाने आमचे स्वागत त्या बिननावाच्या पावसाने केले. पहिल्याच सोमवारी ताई चढावर निघाली. धाकटा अजून खुंटीवरच होता. मी माझ्या परीने जोर लावला, पण माझी डावी कड तुटलेली होती. पाणी त्या खिंडीतून उसळले आणि कोटाच्या डाव्या बाजूवर चिखलाचा पट्टा उमटला. मित्रांनो, मला ते दिसत होते आणि मी काही करू शकत नव्हतो. नऊ वर्षांनी मी नापास होणार होतो.

मास्तरीणबाईंनी दार उघडले. सवयीने म्हणाल्या, “वळा बघू.” ताई हळूच वळली. मी भिंतीला टेकून श्वास रोखला.

“आधी आत या,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तो कोट काढा, मी धुते. तोवर माझा घाला.”

आतून मास्तरांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. “पास की नापास?”

“ते मी सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. मग ताईला हलक्या आवाजात त्यांनी सारे सांगितले. मोटारवाली चांगली मुलगी होती, पाठ अगदी कोरी. पण बाई बाजारात असताना ती दोनदा दार वाजवून परत गेली, आणि जखम पुन्हा उघडली होती. ताईने बाईंचा ढगळ कोट चढवला, बाह्या दुमडल्या आणि कामाला लागली. त्यानंतर ती महिनाभर रोज गेली, रविवारीसुद्धा. हवा पालटायच्या सुमारास ती जखम भरली, आणि या वेळी भरली ती भरलीच.

त्याच सोमवारी संध्याकाळी बाबांनी मला पाहिले. तुकडा कुठे गेला ते ताईने सांगितले, तेव्हा कापलेल्या कडेवरून त्यांचा अंगठा फिरला. मग त्यांनी कोऱ्या पत्र्याची पट्टी कापली आणि सहा रिबेट मारून ती मला जोडली. मी काळा, पट्टी चांदीसारखी चकचकीत. यावर रंग नाही का देणार, असे ताईने विचारले.

“बाहेरून लोक बघतात ना?” बाबा म्हणाले. “बघू देत.”

आणि डबीत रिबेट उरले होते म्हणून त्यांनी खुंटीवरून धाकट्याला काढले आणि त्यालाही ठोकून घरचा माणूस केले. नऊ वर्षे रखडलेला सोमवार असा आला.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. बाबा देवाघरी गेले. त्यांची लाकडी हातोडी ताईच्या पेटीत असते. दर हिवाळ्यात पंधरा दिवस आम्ही उबदार देशात जातो, तिथे मी मोजे वाळवतो आणि त्यातही आता मला मोठेपणा वाटतो. ताई दोन दिवस डॉक्टरीणबाईंच्या रांगेतल्या पट्ट्या बदलते. मग आम्ही आपल्या पावसात परत येतो. ग्रॅम्याच्या सायकलवर माझा तुकडा अजून आहे. त्याने तो तोलला, सत्तावीस ग्रॅम भरला. तेवढे एक वजन तो कधी कमी करत नाही.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. घरात सायकल असेल तर तिच्या मडगार्डाला आतूनही पुसा, तेलाचे बोट लावा, गंजू देऊ नका. आणि कधी भर चिखलातून घरी आलात आणि तुमची पाठ कोरडी निघाली, तर आपल्या नशिबाला शाबासकी देण्याआधी एकदा मागे वळून पाहा. तो चिखल कुणीतरी अंगावर घेतलेला असतो. त्याचा हात हातात घ्या, आणि त्यालाही आत बोलवा.